हात बसेपर्यंत

गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, म्हणजे ज्याला आता गावातला कबड्डीपटूही ‘एसीएल’ म्हणतो, तो तुटलाय की शाबूत आहे हे यंत्राशिवाय ओळखण्याची एक रीत आहे. रुग्णाला उताणं झोपवायचं, गुडघा वीस ते तीस अंशात वाकवायचा, एका हाताने मांडी पकडायची, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे ओढून पाहायची. अस्थिबंध शाबूत असेल तर ती एका जागी टचकन अडते. तुटला असेल तर अडत नाही, मऊपणे सरकत राहते. या तपासणीला ‘लॅकमन टेस्ट’ म्हणतात. तिच्यावरचा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध केला जोसेफ टॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ही पद्धत शिकवली होती फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठातले त्यांचे ज्येष्ठ, जॉन लॅकमन यांनी. छापताना टॉर्ग यांनी नाव सरांचं दिलं.

हे मला सांगितलं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या, एम.एस. ऑर्थोच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या डॉक्टर मुलीने. तिचं, तिच्या सरांचं आणि त्या कॉलेजचं नाव इथे येणार नाही. तशी अट तिची, आणि मला ती पटली. मी गेलो होतो खेळाडूंच्या दुखापतींवर लिहायला. परत आलो ते एक विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, याची टिपणं घेऊन.

सरकारी रुग्णालयाचा ऑर्थो विभाग म्हणजे मुख्यतः अपघात. रात्री मोटरसायकलवरून पडलेले, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले, नारळावरून घसरलेले, न्हाणीघरात पडून खुबा मोडलेल्या आज्या. खाटा याच लोकांनी भरतात आणि भरायलाच हव्यात. एसीएल तुटल्याने कोणी मरत नाही, म्हणून त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं, मग आणखी पुढे. तोवर मुलाची भरतीची वयोमर्यादा उलटते किंवा मुलीचं लग्न ठरतं. या विभागात सरांनी काही वर्षांपूर्वी गुरुवारी दुपारी प्लास्टर रूमच्या शेजारच्या खोलीत खेळाडूंसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. बाहेर पाटी नाही. तालमीतल्या, क्रीडा मंडळांतल्या, अकादम्यांतल्या लोकांना तोंडी ठाऊक आहे, तेवढ्यावर बाकं भरतात.

ती स्वतः खो-खो खेळलेली. सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात, शाळेच्या संघातून. तिच्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलीचा पाय खांबाजवळ वळताना मुरगळला, गुडघा टम्म फुगला. हाडवैद्याकडे नेलं, लेप लावून पट्टी बांधली, सूज उतरली. पुढच्या मोसमात ती मुलगी पळताना दोनदा आपोआप पडली आणि मग खेळायचीच थांबली. “तेव्हा आम्हाला वाटलं, तिचा धीर सुटला,” डॉक्टर सांगते. “एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शरीररचना पक्की झाल्यावर कळलं, धीर नव्हता सुटला, लिगामेंट सुटलं होतं.”

ऑर्थो घेतलं तेव्हा घरच्यांपासून वसतिगृहापर्यंत सगळ्यांनी एकच ऐकवलं: बाईमाणसाचं काम नाही, ताकद लागते. या युक्तिवादात फारसा दम नाही. ताकदीची कामं तरफेने आणि मदतनिसांनी होतात, पुरुषही ती तशीच करतात. खरी अडचण वेगळी होती. लेड एप्रन पुरुषांच्या मापाचे. रात्रीच्या ड्यूटीला मुलींसाठी वेगळी खोली नाही. आणि रुग्ण तिला हमखास ‘सिस्टर’ म्हणणार, मागे उभ्या असलेल्या इंटर्न मुलाला ‘डॉक्टरसाहेब’. ते अजूनही थांबलेलं नाही.

पहिल्या वर्षी गुडघ्याच्या बाबतीत तिच्या वाट्याला काहीच आलं नाही. प्लास्टर घालायचं, ट्रॅक्शनची वजनं लावायची, ड्रेसिंग, रक्ताचे नमुने, फिल्मा गोळा करणं, सीनियरची ओरड खाणं. गुरुवारच्या ओपीडीत मात्र सर तिला शेजारी बसवत आणि एकच काम देत: रुग्णाला हात न लावता त्याच्याशी बोलायचं. कसा पडलास? पाय जमिनीवर रोवलेला होता का? कोणी आदळलं की आपणच वळताना गेलास? आवाज आला का? सूज त्याच संध्याकाळी आली की दुसऱ्या दिवशी? खेळाडूला सांगता येत नसेल तर सर त्याला उभं करून दुसऱ्या पायावर तो क्षण करून दाखवायला लावत. एक चढाईपटू बोनस घेऊन परतताना कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. पाय तिथेच राहिला आणि अंग वळलं. ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला, दोन तासांत गुडघा फुगला. एवढं ऐकल्यावर निदान जवळजवळ झालेलं असतं. इतक्या लवकर भरणारी सूज म्हणजे सांध्यात रक्त, आणि खेळताना सांध्यात रक्त भरलं की पहिला संशय एसीएलचा.

दुसरा दंडक एमआरआयचा. हल्ली रुग्ण येतानाच मोठं पाकीट घेऊन येतो. कोणीतरी आधीच काढायला लावलेलं असतं, कधी कर्ज काढून. सर ते पाकीट टेबलावर उलटं ठेवत. आधी हात लावायचा, काय वाटतं ते कागदावर लिहायचं, मग पाकीट उघडायचं. तिचं लिहिलेलं आणि फिल्म जुळली नाही तर सर विचारत, “अगं, कोण चुकलं, तू की मशीन?” उत्तर बहुतेकदा ‘मी’ असायचं. पण नेहमी नाही, आणि त्या ‘नेहमी नाही’साठीच हा खटाटोप होता. फिल्ममध्ये फाटलेली दिसणारी गोष्ट दुखण्याचं कारण असतेच असं नाही. ऑपरेशन फिल्मवर करायचं नसतं, माणसावर करायचं असतं, हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि अंगात मुरायला वर्षं जातात.

हात तयार होण्याची सुरुवात चांगल्या गुडघ्यापासून होते. प्रत्येक रुग्णाचा न दुखणारा गुडघा आधी तपासायचा, कारण सैलपणा माणसागणिक वेगळा. काहींचे सगळेच सांधे ढिले. त्यांचा धड गुडघाही नवख्याला तुटलेला वाटतो. तिची अडचण तिच्या हाताची होती. पैलवानाची मांडी तिच्या पंजात मावत नाही, आणि मांडी स्थिर धरता आली नाही तर लॅकमन फसवते. सरांचे हात फावड्यासारखे. त्यांना ही अडचण कधी आलीच नव्हती, म्हणून तोडगाही ठाऊक नव्हता. तिने वाचून काढलं: तपासणाऱ्याने स्वतःचा गुडघा टेबलावर टेकवून रुग्णाची मांडी त्यावर ठेवायची आणि एका हाताने वरून दाबून धरायची, दुसरा हात नडगीला मोकळा. पुढच्या गुरुवारी एका पैलवानावर तिने हे करून दाखवलं. सरांनी स्वतः दोनदा करून पाहिलं आणि त्यानंतर लहान चणीच्या प्रत्येक रेसिडेंटला ते तसंच शिकवू लागले.

ही देवघेव या शाखेत जुनी आहे. सांध्यात दुर्बीण घालण्याची कल्पना टोकियोतली. केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचा शिष्य मासाकी वातानाबे याने युद्धानंतर हे काम पुढे नेलं आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीला ‘नंबर २१’ नावाची वापरण्याजोगी दुर्बीण बनवली. तिच्या टोकाला चक्क छोटा बल्ब असे आणि तो सांध्यात फुटण्याची धास्ती असे. १९६२ च्या मे महिन्यात वातानाबेंनी दुर्बिणीतून गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला तुकडा काढला. बाहेरच्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही. १९६४ साली, टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, टोरंटोचे तरुण शल्यविशारद रॉबर्ट जॅक्सन तिथे होते. ते वातानाबेंकडे शिकायला जाऊ लागले आणि बदल्यात त्यांनी वातानाबेंना इंग्रजी शिकवलं. जॅक्सन यांनी ती विद्या उत्तर अमेरिकेत नेली. आज सांगलीच्या पोराच्या गुडघ्याला दोन बारीक छिद्रं पाडून आत अस्थिबंध बसवतात त्यामागे ही इंग्रजीची शिकवणी आहे.

त्याहून मागे गेलं तर आपल्याला आणखी ओळखीचं काही भेटतं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांचं घराणं हाडवैद्यांचं. वडील इव्हान पदवीशिवाय हाडं बसवायचे, डॉक्टर त्यांना कोर्टात खेचायचे. अखेर त्यांनी पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केलं. ह्यू यांच्या हाताखाली त्यांच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स शिकला. मामाने बनवलेला मांडीचा स्प्लिंट भाच्याने पहिल्या महायुद्धात आघाडीवर पोचवला. मांडीचं हाड मोडून जखम झालेल्या सैनिकांतले पूर्वी शंभरात ऐंशीच्या आसपास दगावत. ते प्रमाण विसाच्या खाली आलं. आपल्याकडे तालमीतला वस्ताद खांदा बसवायचा, मुरगळलेलं मनगट ओढून सरळ करायचा. त्याच्या विद्येत खरं किती आणि घातक किती हे निवडून काढायला, त्याच्या मुलाला डॉक्टर करायला आपल्याकडे फारसं कोणी गेलं नाही. दोन जगं शेजारी राहिली, एकमेकांना हसत. सर मात्र वस्तादांना हसत नाहीत. तालमीत जातात, मातीच्या कडेला बसतात, आणि निखळलेला खांदा फोटो न काढता ओढला तर काय होऊ शकतं ते शांतपणे सांगतात. पुढच्या वेळी पोरगं रुग्णालयात येतं.

तिच्या शिक्षणातला सर्वांत भरीव भाग मात्र तालमीतला नाही की ऑपरेशन थिएटरमधलाही नाही. तो पोलीस भरतीचा आहे.

महाराष्ट्रात दुखापतींच्या दृष्टीने सर्वांत मोठा ‘क्रीडाप्रकार’ कुठला असं कोणी मला विचारलं तर मी क्रिकेट म्हणणार नाही, कबड्डीही नाही. भरतीची धाव म्हणेन. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पहाटे चारला डांबरी रस्त्यांवर मुलं-मुली पळताना दिसतात. बूट स्वस्तातले, तळ झिजलेला, प्रशिक्षक म्हणजे मागच्या वर्षी भरती झालेला कोणी दादा. जाहिरात निघाली की काल न पळणारा आज दहा किलोमीटर पळतो. हाड असा धक्का सहन करून मजबूत होतं खरं, पण त्याला वेळ लागतो. त्याआधी झीज साचली की नडगीत बारीक भेग पडते. ती एक्स-रेवर पहिले दोन-तीन आठवडे बहुधा दिसतच नाही. मग गावातला डॉक्टर म्हणतो काही नाही, दादा म्हणतो नाटक करतोय, आणि मुलगा पळत राहतो.

यासाठी सरांनी तिला एक बोट वापरायला शिकवलं. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत वरून खाली यायचं. वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा आवरणाची सूज. थोडी विश्रांती, थोडा बदल, मार्ग निघतो. पण बोटाखाली एकाच ठिपक्यावर मुलगा कळवळला, एका पायावर उडी मारता येईना, रात्रीही ठणकत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, भेग धरून चालायचं.

निदान सोपं, पुढचं बोलणं अवघड. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर, वय संपत आलेलं, बापाने म्हैस विकून अकादमीची फी भरलेली. “आठ आठवडे पळू नको” हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आणि माणूस म्हणून निरुपयोगी. पहिल्यांदा ती हे वाक्य बोलली तेव्हा मुलगा उठून निघून गेला. सर त्याच्या मागे व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ बोलत बसले. कुठे पळतोस, विहीर आहे का, पोहता येतं का, सायकल कोणाकडे आहे, खायला काय असतं, अकादमीवाल्याचा नंबर दे. छाती-फुप्फुसाचा दम पाण्यात आणि सायकलवर टिकतो, नडगीला तेवढे आठवडे सुटी मिळते. ही भरती हुकेल, पुढची मिळेल. आत्ता पळालास आणि हाड आरपार गेलं तर दोन्ही जातील. तो मुलगा थांबला की नाही ते मला कळलं नाही. पण त्यानंतर ती व्हरांड्यातच बोलू लागली.

एका बाबतीत सरांना तिच्यावाचून पुढे जाता आलं नसतं. भरतीच्या मुलींच्या केसपेपरवर पाळीची नोंदच नसे. पुरुष रेसिडेंट विचारत नसत, मुली सांगत नसत. तिने विचारायला सुरुवात केली आणि कित्येक जणींची पाळी महिनोन्‌महिने आलेली नव्हती, असं बाहेर आलं. वजन कमी करायला जेवण अर्धं, पळणं दुप्पट. खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरत नाही तेव्हा शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांचा भराव. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. मुलींना एसीएलचा धोकाही मुलांपेक्षा दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. आता त्या ओपीडीच्या केसपेपरवर पाळीचा रकाना आहे, शिक्का मारून. सरांनी तो शिक्का स्वतःच्या पैशाने करून घेतला.

थिएटरमधलं शिक्षण वेगळ्या लयीचं. दुसऱ्या वर्षी तिच्या हातात दुर्बिणीचा कॅमेरा आला. महिनोन्‌महिने काम एकच, चित्र सरळ ठेवणं. ते दिसतं तितकं सोपं नाही: डोळे पडद्यावर, हात गुडघ्याशी, आणि कॅमेरा जरा कलला की सगळा सांधा उलटा. नंतर बाजूच्या टेबलावर कलम तयार करणं. मांडीच्या मागचा स्नायूरज्जू काढून, स्वच्छ करून, दोन्ही टोकांना टाके घालायचे. तोच पुढे एसीएलच्या जागी बसतो. गाठींचा सराव तिने वॉर्डातल्या खाटेच्या कठड्यावर उरलेल्या दोऱ्याने केला. सर थिएटरमध्ये ओरडतात, हेही नोंदवायला हवं. “तिथे सर वेगळेच होतात,” ती म्हणते, हसत नाही. मला ते पटलं नाही. गुरू-शिष्य म्हटलं की आपण पुष्कळ काही माफ करतो. सलग छत्तीस तासांची ड्यूटी, चारचौघांत अपमान, सुटी मागितली तर टोमणे, यांना विद्येचा भाग समजायची सवय वैद्यकीय महाविद्यालयांनी सोडली पाहिजे. तिने जे मोलाचं घेतलं ते व्हरांड्यात आणि मैदानावर घेतलं, ओरडण्यातून नव्हे.

ज्या चढाईपटूच्या गुडघ्याचा उल्लेख वर आला त्याचं ऑपरेशन चांगलं झालं. तिने कॅमेरा धरला होता. सहाव्या महिन्यात गावच्या स्पर्धेत तो उतरला आणि तोच गुडघा पुन्हा गेला. तिला राग आला; किती वेळा सांगितलं होतं, नऊ महिने. हा आकडा हवेतला नाही. खेळाडूंवरच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळ एकेक महिना लांबवला तर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेलेलं दिसलं. शिवाय मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आली पाहिजे. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, “व्यायाम कोणाकडे केले त्याने?” तालुक्याला फिजिओथेरपिस्ट नव्हता. जिल्ह्याला यायचं तर एसटीचा दिवसभराचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. घरी दिलेला व्यायामाचा कागद त्याच्या आईने देवघराच्या फळीवर जपून ठेवला होता.

नीरज चोप्राचं कोपर २०१९ मध्ये मुंबईत डॉ. दिनशा पारडीवाला यांनी दुरुस्त केलं, दोन वर्षांनी टोकियोत सुवर्णपदक आलं. ऋषभ पंत ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर त्यांच्याच हाताखालून गेला आणि मार्च २०२४ मध्ये मैदानात परतला. विनेश फोगटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, वर्षाच्या आत ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. या कथा खऱ्या आहेत आणि अभिमानाच्या आहेत, पण त्या वाचून आपण समजतो की जादू सुरीत आहे. सुरीनंतरच्या महिन्यांत यांच्याभोवती फिजिओ, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ रोज उभे होते. बीडचा अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडून जखमी झाला तेव्हा त्याच्यामागेही व्यवस्था होती. गावच्या चढाईपटूला सरकारने सुरी पोचवली, पुढचे नऊ महिने पोचवले नाहीत.

त्या घटनेनंतर तिने एक वही केली. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक खेळाडूचं नाव, प्रशिक्षकाचा किंवा मंडळाच्या अध्यक्षाचा फोन, आणि महिन्यागणिक काय करायचं त्याचे मराठीतले छोटे व्हिडिओ, तिनेच मोबाइलवर काढलेले. वजनाऐवजी पाण्याची कळशी, पायरीऐवजी ओटा. फोन खेळाडूला करत नाही, प्रशिक्षकाला करते. संघात नाव घालणारा तोच. अंतिम सामन्याआधी ‘एक सुई मारा’ म्हणून आलेल्या मंडळींना नाही म्हणायचं कामही आता तिच्याकडे आहे. पुढारी बरोबर असला तरी. सर शेजारच्या खोलीत चहा घेत बसतात आणि मुद्दाम बाहेर येत नाहीत.

या जूनमध्ये तिची परीक्षा आहे, त्यानंतर क्रीडा-दुखापतींची फेलोशिप करायचा विचार आहे. सर त्याच सुमारास निवृत्त होतील. गुरुवारच्या ओपीडीचा कुठेही कागद नाही: ना वेळापत्रकात, ना पदांच्या मंजुरीत, ना दारावर. दोन माणसांच्या हौसेवर चाललेली ही खोली सहा महिन्यांत पुन्हा प्लास्टरच्या पोत्यांनी भरू शकते. अधिष्ठात्यांनी एक आदेश काढावा, आठवड्यातली एक दुपार खेळाडूंना द्यावी, एक फिजिओथेरपिस्ट त्या खोलीला जोडावा आणि प्रत्येक रेसिडेंटला वर्षातून निदान एक जिल्हास्तरीय स्पर्धा मैदानाच्या कडेला बसून पाहायला पाठवावं. याला नवी इमारत लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. एवढं प्रत्येक ठिकाणी करता येईल.